सांगलीतून ऑनलाइन बेदाणे-हळद विकणाऱ्यास नागपूरहून आलेली नोटीस : कायदा काय सांगतो आणि आता काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते सांगलीतून स्वतःच्या संकेतस्थळावर, व्हॉट्सॲपवर आणि एका मोठ्या विक्री-मंचावर बेदाणे व हळद पावडर विकतात. नागपूरच्या एका ग्राहकाने त्यांच्या संकेतस्थळावरून १,४८० रुपयांचा माल मागवला. बेदाणे ओलसर आणि आंबूस निघाले म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी फोटो पाठवले. दुकानातील मुलाने "विकलेला माल परत घेतला जाणार नाही, हे साइटवर लिहिलेले आहे" एवढे उत्तर दिले आणि नंतर तो क्रमांक ब्लॉक केला. आता नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस आली आहे. प्रश्नकर्त्यांचे म्हणणे असे की, हे ई-कॉमर्सचे नियम मोठ्या कंपन्यांसाठी आहेत, शिवाय बिलावर "सांगली न्यायकक्षेच्या अधीन" असे छापलेले आहे. तेव्हा नागपूरला उत्तर देण्याची गरज आहे का? यापुढे संकेतस्थळावर काय लिहावे आणि ग्राहकांचे क्रमांक जाहिरातीच्या संदेशांसाठी वापरता येतात का, हेही त्यांनी विचारले आहे.

मुदत चालू झालेली असल्यामुळे सर्वांत आधी नोटिशीकडे वळतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे विरुद्ध पक्षाला लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला लेखी उत्तर, देण्यासाठी ३० दिवस मिळतात आणि आयोगाला योग्य वाटल्यास त्यात जास्तीत जास्त १५ दिवसांची वाढ मिळते. त्यापुढे एक दिवसही नाही. दिवाणी न्यायालयात कैफियतीची मुदत वाढवून घेण्याची ज्यांना सवय आहे, अशा अनेकांचा येथे घात होतो. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात, जुन्या कायद्यातील तशाच तरतुदीचा अर्थ लावताना, ४५ दिवसांनंतर कैफियत स्वीकारण्याचा अधिकार आयोगाला नाही असे स्पष्ट केले. त्याच निकालात असेही म्हटले आहे की, ही मुदत नुसत्या नोटिशीपासून मोजायची नसून, नोटीस तक्रारीच्या प्रतीसह हाती पडते त्या दिवसापासून मोजायची. त्यामुळे पाकिटात तक्रारीची संपूर्ण प्रत आहे का हे आजच पाहावे, ते ज्या दिवशी मिळाले त्याची नोंद करावी आणि लिफाफा जपून ठेवावा. प्रत नसेल तर तसे आयोगाला तत्काळ लेखी कळवावे. पुढे कधी अशी नोटीस आली आणि पोस्टमनला "घेत नाही" म्हणून परत पाठवले, तर काहीही साध्य होत नाही. नकार दिलेली नोटीस बजावली गेली असेच कायदा मानतो आणि प्रकरण एकतर्फी पुढे चालते.

आता "सांगली न्यायकक्षेच्या अधीन" या ओळीविषयी. आपल्याकडील मार्केट यार्डातील प्रत्येक बिलावर ती असते आणि दोन व्यापाऱ्यांमधील देण्याघेण्याच्या वादात तिला काही किंमतही असते. ग्राहकाविरुद्ध मात्र ती चालत नाही. १९८६ च्या कायद्यात तक्रार साधारणतः विक्रेता जेथे व्यवसाय करतो किंवा वादाचे कारण जेथे घडले तेथे दाखल करावी लागे. २०१९ च्या कायद्याने कलम ३४ मध्ये एक नवी सोय केली : तक्रारदार जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील आयोगातही तो तक्रार करू शकतो. कायद्याने दिलेला हा हक्क बिलावरील छापील ओळीने काढून घेता येत नाही. माझ्या मते ऑनलाइन विक्रेत्याच्या दृष्टीने संपूर्ण कायद्यात याहून मोठा बदल दुसरा नाही, कारण माल जेथे जेथे पाठवाल तेथे तेथे उत्तर देण्याची तयारी आता ठेवावी लागते. शिवाय मालाची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर ग्राहकाला शुल्क काहीच नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोयही आहे. आधी ती ई-दाखिल या पोर्टलवर होती, जानेवारी २०२५ पासून ई-जागृतीवर आहे. १,४८० रुपयांसाठी कोण आयोगात जाणार, हा हिशेब त्यामुळे चुकतो. तक्रार मालाच्या किमतीपुरती नसतेच. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च या दोन शीर्षकांखाली मागितलेली व मंजूर होणारी रक्कम पुष्कळदा किमतीपेक्षा मोठी असते.

तरीही नागपूरला प्रत्येक तारखेला जावे लागेल असे समजून घाबरू नये. या प्रकरणांचा निवाडा मुख्यतः शपथपत्रे आणि कागदपत्रे यांवर होतो, आणि कारण दाखवून अर्ज केल्यास दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची परवानगी मिळू शकते. तसा अर्ज कैफियतीबरोबरच द्यावा.

हे नियम मोठ्या कंपन्यांपुरते आहेत का? नाहीत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. त्यांत उलाढालीची कोणतीही किमान मर्यादा नाही. वगळले आहे ते फक्त व्यक्तीने खासगी नात्याने केलेले, नियमित किंवा पद्धतशीर व्यवसायाचा भाग नसलेले काम. घरातील जुनी सायकल कुणी ऑनलाइन विकली तर ती या अपवादात बसेल. दर आठवड्याला बेदाण्याची पाकिटे कुरिअरने पाठवणारा बसणार नाही. नियमांनी दोन प्रकार केले आहेत. जो इतरांच्या मालासाठी मंच उपलब्ध करून देतो तो एक, आणि जो स्वतःच्या साठ्यातील माल स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट विकतो तो दुसरा. स्वतःच्या संकेतस्थळापुरते आपण दुसऱ्या प्रकारात येता, म्हणजे एखाद्या मोठ्या कंपनीवर जी कर्तव्ये आहेत त्यांतील बहुतेक आपल्यावरही आहेत. मोठ्या मंचावर मात्र आपण त्याचे "विक्रेते" असता आणि तेथे विक्रेत्याची कर्तव्ये वेगळी सांगितलेली आहेत. व्हॉट्सॲपवरील विक्री नेमकी कोणत्या कप्प्यात बसते यावर वकिलांना वाद घालता येईल, पण त्यातून आपल्या हाती काही लागणार नाही. इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेली खरेदी ही मूळ कायद्याच्या "ग्राहक" या व्याख्येतच समाविष्ट आहे.

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे. खराब माल परत घेण्यास नकार देणे ही २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणेच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर परतीची मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि दिली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घेऊन पैसे परत करावे लागतात. ई-कॉमर्स नियम याच्याही पुढे जातात : माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचला असेल, तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. पूर किंवा तत्सम आटोक्याबाहेरच्या कारणामुळे उशीर झाला असेल तर उशिरापुरता अपवाद आहे. कृष्णेला पाणी आले की आपल्याकडे पाठवणी थांबते, तेव्हा हा अपवाद उपयोगी पडतो. परंतु त्या दिवसांत कुरिअर कंपनीने माल उचलण्यास नकार दिल्याचा लेखी पुरावा हवा.

म्हणून संकेतस्थळावरील "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य आपला बचाव होऊ शकत नाही. उलट तक्रारदार त्याचाच फोटो काढून पुरावा म्हणून जोडतो. याचा अर्थ प्रत्येक परतीची मागणी मान्य करावी असा नाही. चव आवडली नाही, घरी आधीच बेदाणे होते, मन बदलले, अशा कारणांसाठी परत न घेण्याचे धोरण खाद्यपदार्थांच्या बाबतीत ठेवता येते, फक्त ते खरेदीपूर्वी स्पष्ट दिसले पाहिजे. सदोष मालाची गोष्ट वेगळी आहे आणि दोन्हींना एकाच वाक्याने झाकता येत नाही.

आपल्या प्रकरणात मला खरी अडचण बेदाण्यांपेक्षा ब्लॉक केलेल्या क्रमांकाची वाटते. बेदाणा का आंबला यावर बोलता येते : शीतगृहातून काढलेला माल उष्ण हवेत ओलावा धरतो, पाकीट नीट बंद झालेले नसते, कुरिअरच्या गोदामात पावसात भिजते, किंवा ग्राहकाने उघडून तसेच ठेवलेले असते. यांतील कोणते कारण खरे, हे पुराव्याने ठरेल. परंतु तक्रार आल्यावर ऐकूनच घेतली नाही, ही सेवेतील त्रुटी ग्राहकाच्या मोबाइलवरून सरळ सिद्ध होते. नियमांप्रमाणे प्रत्येक ई-कॉमर्स व्यावसायिकाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, पद व संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात ती निकाली काढायची असते. लहान व्यवसायात हा अधिकारी म्हणजे मालक स्वतः किंवा घरातील कोणी असला तरी चालते. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा बहुतेक वादांचा निकाल मालाच्या गुणवत्तेने नव्हे, तर विक्रेत्याच्या पानावर काय लिहिले होते आणि तक्रार आल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत त्याने काय केले यावरून ठरला आहे.

कैफियतीत काय मांडावे? प्रथम, खरेदीदार "ग्राहक" आहे का ते पाहावे. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाचा खरेदीदार कायद्याने ग्राहक नसतो. एखाद्या मिठाईवाल्याने २५ किलो बेदाणे नेले असते तर हा मुद्दा घेण्यासारखा होता. मात्र तो सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये श्रीराम चिट्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. १,४८० रुपयांच्या घरगुती खरेदीत हा आक्षेप घेऊ नये. न टिकणारा आक्षेप घेतला की बाकीच्या म्हणण्यावरील विश्वासही उडतो. दुसरे म्हणजे पुरावा. त्या बॅचची नोंद, पॅकिंगची तारीख, शीतगृहाची पावती, कुरिअरची वजनासह पावती, त्याच बॅचचे इतर ग्राहकांना गेलेले पार्सल आणि त्यांच्याकडून तक्रार नसल्याची नोंद, हे सर्व जोडावे. व्हॉट्सॲपवरील संभाषण पुसू नये, ते आपल्या विरोधात असले तरीही. समोरच्याकडे ते आहेच, आणि पुसल्याचे दिसले तर आपल्याविषयीचा समज आणखी बिघडतो. ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडावे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५ ब ची जागा या कलमाने घेतली आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना आता दोन भागांत, एक पक्षकाराने व एक तज्ज्ञाने भरावयाचा, असा आहे. ग्राहक आयोगाला पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर बंधन नसते हे खरे, तरी प्रमाणपत्र नसल्याचा आक्षेप ओढवून घेण्यात अर्थ नाही.

माझा व्यावहारिक सल्ला मात्र तडजोडीचा आहे. तक्रारीतील मागणी अवाजवी नसेल तर कैफियत वेळेत दाखल करून, त्याच वेळी हक्कांना बाध न येता किंमत आणि वाजवी खर्च देण्याची तयारी लेखी कळवावी. २०१९ च्या कायद्यात मध्यस्थीची स्वतंत्र तरतूद आहे आणि पहिल्याच सुनावणीत आयोग ती सुचवू शकतो. तोडगा निघाल्यास दोघांच्या सह्यांची पुरसीस (तडजोड झाल्याचे लेखी निवेदन) आयोगात दाखल झाल्याशिवाय पैसे देऊन मोकळे होऊ नये. फोनवर मिटले म्हणून तारखेला न जाणाऱ्यांवर एकतर्फी आदेश झालेले आहेत. आदेश विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, पण त्यासाठी आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आणि आदेश पाळलाच नाही तर कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा किमान २५,००० रुपयांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ग्राहक आयोगाची नोटीस फौजदारी नसते, परंतु तिची हेळसांड शेवटी तेथवर नेऊ शकते.

आता संकेतस्थळ. लहान व्यावसायिकांच्या बहुतेक संकेतस्थळांवरील अटी कोणाच्या तरी दुसऱ्या पानावरून उचललेल्या असतात. सांगलीच्या हळदीच्या पानावर बेंगळुरूच्या न्यायालयांचा उल्लेख किंवा भलत्याच कंपनीचे नाव मी अनेकदा वाचले आहे. अटी चार परिच्छेदांच्या असाव्यात, मराठीत आणि ज्या भाषेत विक्री होते त्या भाषेत असाव्यात, आणि आपण खरोखर पाळू शकू एवढेच त्यांत असावे. पानावर व्यवसायाचे कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, फोन, ईमेल, तक्रार अधिकाऱ्याचा तपशील, अन्न सुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक, परतीची व पैसे परत करण्याची पद्धत आणि सर्व आकार धरून एकूण किंमत दिसली पाहिजे. वैधमापनाच्या (वजन-मापांच्या कायद्याच्या) आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंच्या नियमांप्रमाणे पाकिटावर जी माहिती छापावी लागते, म्हणजे उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत वगैरे, ती उत्पादनाचा महिना-वर्ष सोडून ऑनलाइन पानावरही द्यावी लागते. खाद्यपदार्थ ग्राहकाच्या हाती पडताना त्याच्या टिकण्याच्या काळाचा ३० टक्के भाग किंवा मुदत संपण्यास ४५ दिवस शिल्लक असावेत, अशी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ऑनलाइन विक्रेत्यांना सूचना आहे. जुना साठा सवलतीत काढताना ती विसरली जाते.

संकेतस्थळ बनवून देणारा तरुण "विक्री वाढेल" म्हणून काही गोष्टी आपण न मागताच बसवून देतो. उलटी पळणारी घड्याळे, "फक्त २ पाकिटे शिल्लक" अशी कधीच न बदलणारी पट्टी, शेवटच्या पायरीवर अचानक उगवणारा पॅकिंगचा आकार, आधीच टिक केलेला चौकोन. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचना मार्गदर्शक तत्त्वांद्वारे निषिद्ध केल्या आहेत, आणि त्यांत खोटी घाई लावणे, टप्प्याटप्प्याने किंमत उघड करणे व टोपलीत परस्पर वस्तू टाकणे या तिन्ही आहेत. आधीच टिक केलेल्या चौकोनाने घेतलेली संमती तर ई-कॉमर्स नियमांनी २०२० मध्येच अमान्य केली होती. भाचे-पुतण्यांकडून पाच तारे देववणे हेही बंद करावे. विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे नियमाने वर्ज्य आहे.

मालाच्या वर्णनाविषयी विशेष सांगावेसे वाटते, कारण तेथे आपले व्यापारी सवयीने सैल लिहितात. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील माल म्हणून कायदेशीर ओळख, आहे. सांगलीच्या पेठेत विकली जाणारी प्रत्येक हळद मात्र सांगली परिसरात पिकलेली नसते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. बाहेरून आलेली हळद येथे दळून "मानांकित सांगली हळद" म्हणून विकणे ग्राहक कायद्याखाली दिशाभूल ठरते आणि भौगोलिक मानांकन कायद्याखाली वेगळा दावा ओढवते. मानांकनाचे चिन्ह वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. "हरिपूरच्या पेवातील (जमिनीखालील साठवणीच्या खड्ड्यातील) हळद" हे शब्दही जाहिरातीत गोड वाटतात, पण २००५ च्या महापुराने तेथील बरीच पेवे निकामी केली, आणि आपला माल गोदामातून येत असेल तर ते वाक्य खोटे आहे. कर्क्युमिनची, म्हणजे हळदीतील मुख्य घटकाची, टक्केवारी लिहायची असेल तर त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल जवळ हवा. हळदीने कर्करोग किंवा मधुमेह बरा होतो असे कोठेही, अगदी ग्राहकाच्या अभिप्रायाच्या रूपातही, ठेवू नये. या दोन्ही रोगांवरील उपायांची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने प्रतिबंधित आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकते.

मोठ्या मंचावरील विक्रीचा करार आपण न वाचता मान्य केला असण्याची शक्यता आहे. तो उतरवून घेऊन दोनच कलमे वाचावीत : ग्राहकाला परत दिलेली रक्कम आपल्या देयकातून कोणत्या परिस्थितीत कापली जाते, आणि त्यावर आक्षेप घेण्यास किती दिवस मिळतात. परत आलेले पाकीट उघडताना चित्रीकरण करण्याची सवय त्या दुसऱ्या कलमासाठी लागते.

राहिला क्रमांकांचा प्रश्न. ऑर्डर पोहोचवण्यासाठी घेतलेला क्रमांक फक्त ऑर्डरसाठी आहे. तो दिवाळीच्या जाहिरातीच्या यादीत टाकायचा असेल तर ऑर्डरच्या वेळी वेगळी, स्पष्ट संमती घ्यावी आणि "संदेश नको" म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढावे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहेच, त्यामुळे ओळखीच्या मसालेवाल्याला यादी देणे आजही चालणार नाही. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे माहिती, डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य कर्तव्ये लागू होण्यास त्यापासून १८ महिन्यांचा अवधी दिलेला आहे. तोपर्यंत जुन्या यादीतील प्रत्येकाला एकदा संदेश पाठवून संमती विचारावी, उत्तर न देणाऱ्यांची नावे वगळावीत आणि संमतीच्या उत्तरांची तारखेसह नोंद ठेवावी. यादी एखाद्या कामगाराच्या खासगी मोबाइलमध्ये असेल तर ती आधी दुकानाच्या क्रमांकावर घ्यावी, कारण तो नोकरी सोडून गेला तरी त्या माहितीचे उत्तरदायित्व आपल्याकडेच राहते.